मूर्ती चतुर्थीलाच बसते



एका कबुलीने सुरुवात करतो. व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तारीख ठरली आहे, सभागृह ठरलं आहे, चहाचं सांगून झालं आहे. व्याख्याता तेवढा राहिलाय." मी म्हटलं, "मग येतो." मला त्यात अपमान वाटला नाही. उलट वाटलं, आजच्या विषयातलं निम्मं या गृहस्थांना आधीच कळलेलं आहे. पुण्याला ही रीत नवीन नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्या तर नावातच वेळापत्रक आहे. वक्ते बदलले, विषय बदलले, राज्यकर्ते बदलले. वसंत काही कुणासाठी थांबत नाही.

आजचा विषय आहे संगणकावरचा खेळ. तोही विकत न मिळणारा. जगभरातल्या हौशी माणसांनी पगार न घेता बनवलेला, ज्याचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा असा. आणि त्यातही प्रश्न एवढाच की या खेळाची पुढची आवृत्ती लोकांच्या हाती द्यायची कशी, कधी आणि कुणी. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर मला दिसतंय की आपण चुकीच्या सभागृहात आलो की काय. नाही, बसा. तुमच्यापैकी ज्यांनी कधी गणेशोत्सवात पावतीपुस्तक हातात घेतलं असेल, त्यांना हा विषय माझ्यापेक्षा चांगला समजतो. ते मी तासाभरात सिद्ध करून दाखवतो.

आधी प्रश्न नीट मांडू. हिंजवडीतल्या कंपनीत सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन काढायचं असतं, तेव्हा मॅनेजर असतो, पगार असतो, वर्षाअखेरी मूल्यमापन असतं. शनिवारी या म्हटलं की लोक कुरकुरत का होईना येतात. मुक्तस्रोत खेळात यातलं काय असतं? काहीच नसतं. कोड लिहिणारा एका देशात, चित्रं काढणारी दुसऱ्या देशात, संगीत देणारा तिसरीकडे, आणि भाषांतर करणारा एखादा सदाशिव पेठेत, परीक्षा तोंडावर असताना. कुणी कुणाचं नोकर नाही. उद्या कुणी म्हणालं, "मी नाही करत", तर त्याला विचारायचा अधिकार कुणालाच नाही. मग अशा पन्नास माणसांचं काम एका दिवशी एका दारातून बाहेर कसं पडायचं?

उदाहरण म्हणून एकच खेळ धरू, म्हणजे चर्चा हवेत जाणार नाही. बॅटल फॉर वेस्नोथ. षटकोनी घरांचा नकाशा, त्यावर मानव, एल्फ, ऑर्क यांची सैन्यं, आणि आळीपाळीने खेळायच्या चाली. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ मध्ये एकट्याने तो सुरू केला. १.० ही आवृत्ती ऑक्टोबर २००५ मध्ये आली. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. मोहिमा, पात्रं, संवाद लिहिण्यासाठी एक सोपी खूणभाषा ठेवली, म्हणजे ज्याला प्रोग्रामिंग येत नाही त्यालाही हातभार लावता यावा. परिणाम काय झाला? माणसं आली. चित्रकार आले, कथा लिहिणारे आले, भाषांतरकार आले. आणि माणसं आली की प्रश्न आला: सगळ्यांचं सगळं कधी पूर्ण होणार? याचं खरं उत्तर आहे, कधीच नाही.

इथून माझा पहिला मुद्दा. तारीख.

या जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, "तयार होईल तेव्हा काढू." दुसरा म्हणतो, "अमुक महिन्यात काढू, जे तयार असेल ते घेऊन." पहिला पंथ ऐकायला फार थोर वाटतो. कलावंताचा वाटतो. नेटहॅक नावाचा एक जुना, अक्षरांनी रंगवलेला, विलक्षण खोल असा खेळ आहे. त्याची ३.४.३ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली. पुढची, म्हणजे ३.६.०, कधी आली असेल? डिसेंबर २०१५ मध्ये. बारा वर्षं! आपल्याकडे तपाला बारा वर्षं लागतात हे मान्य, पण खेळाच्या आवृत्तीला? एवढ्या काळात पहिलीतलं पोर बारावीला जातं.

वेस्नोथचंच बघा. १.० नंतर १.२ आली डिसेंबर २००६ मध्ये, १.४ मार्च २००८ मध्ये, १.६ मार्च २००९ मध्ये, १.८ एप्रिल २०१० मध्ये. साधारण वर्ष-सव्वा वर्षाचं अंतर. मग १.१० जानेवारी २०१२, १.१२ नोव्हेंबर २०१४, आणि १.१४ थेट मे २०१८. साडेतीन वर्षं. त्यानंतर १.१६ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि १.१८ मार्च २०२४ मध्ये. मी कुणाला नावं ठेवत नाही. वीस वर्षं फुकट राबणाऱ्यांना नावं ठेवण्याची माझी योग्यता नाही. पण या अंतरांत काय होतं ते बघा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाने एका भालाईताचं चित्र सुधारून पाठवलं. सगळ्यांनी वाहवा केली, ते स्वीकारलं गेलं. ते सामान्य खेळाडूच्या पडद्यावर दिसेपर्यंत त्याची पदवी झाली, नोकरी लागली, लग्न ठरलं. तो परत चित्र काढेल का? त्याला कुणी दुखावलं नाही, कुणी नाकारलं नाही. त्याचा उत्साह नुसता शिळा झाला.

पगार नसलेल्या माणसाची मिळकत काय? आपण केलेलं काम लोकांच्या हातात गेलेलं बघणं, एवढीच. तारीख लांबली की त्याचा पगार थकतो. हे वाक्य आज घरी नेलंत तरी चालेल. स्वयंसेवी कामात वेळेवर आवृत्ती काढणं म्हणजे वेळेवर पगार करणं.

म्हणून दुसरा पंथ वाढला. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाने २००२ पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढायची शिस्त लावून घेतली. उबुंटू हे लिनक्सचं वितरण २००४ च्या ऑक्टोबरपासून त्याच वाटेने गेलं. फेडोरा हे लिनक्सचं दुसरं वितरणही सहामाही. आणि फेडोराचं पुण्याशी नातं आहे. ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या तीन दिवसांत आपल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात फेडोराची परिषद भरली होती. दोन दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, फेडोरा १६ जगासमोर आली. आपल्या संगमाजवळ चहा पिणाऱ्या मंडळींनी ज्यावर काम केलं होतं, ते त्याच आठवड्यात जगभर पोचलं. याच सीओईपीत फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीई या दुसऱ्या मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पाची भारतातली परिषद झाली. सांगायचा हेतू एवढाच की मी बोलतोय ते दूरदेशीचं नाही, शिवाजीनगरचं आहे.

आता मंडळाकडे येऊ. गणपती कधी बसवायचा यावर तुमच्या मंडळात कधी बैठक झाली आहे का? वर्गणीवर होते. देखाव्यावर होते. ढोल-ताशाच्या पथकावर तर हातघाईची होते. चतुर्थी कधी, यावर होत नाही. ती पंचांगात असते. अध्यक्षाची नसते, खजिनदाराची नसते, नगरसेवकाची तर नसतेच. (हशा) आणि कुणाचीच नसल्यामुळे ती सगळ्यांची असते. तारखेत खरं बळ येतं ते इथून. प्रकल्पाच्या प्रमुखाने "पंधरा मार्चला काढू" म्हटलं तर ती त्याची तारीख होते, आणि न आवडणारे लोक तिच्यावर रुसतात. पण "दर वर्षी मार्चचा दुसरा शनिवार" असा नियम एकदा ठरला की त्यावर रुसायचं कुणी आणि कसं? म्हणून नुसती तारीख ठरवू नका, तिथी ठरवा.

तिथी ठरवताना दुसऱ्यांची पंचांगंही बघावी लागतात. विद्यापीठाच्या परीक्षा, दिवाळी, आणि तुमचा खेळ ज्या गाड्यांतून लोकांपर्यंत जातो त्या गाड्या. डेबियन हे लिनक्सचं मोठं वितरण साधारण दोन वर्षांनी स्थिर आवृत्ती काढतं आणि त्याआधी काही महिने नवं काही आत घेत नाही. जून २०२३ मधल्या डेबियन १२ मध्ये वेस्नोथची १.१६ गेली, ऑगस्ट २०२५ मधल्या डेबियन १३ मध्ये १.१८. त्यांचं दार बंद झाल्यावर महिनाभराने तुम्ही आवृत्ती काढलीत, तर तिथले खेळाडू पुढची दोन वर्षं जुन्याच खेळावर. काम पूर्ण झालेलं असूनही.

दुसरा मुद्दा. यादी. म्हणजे काय घ्यायचं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय घ्यायचं नाही.

तारीख पक्की, माणसं आपल्या हातात नाहीत. मग ढिलं काय सोडायचं? एकच गोष्ट उरते: आवृत्तीत काय असेल ते. कंपनीत नेमकं उलट असतं. ग्राहकाला कबूल केलेली यादी पक्की, म्हणून माणसं पिळली जातात आणि तरी तारीख सरकते. स्वयंसेवी प्रकल्पाने कंपनीची नक्कल केली की तो मरतो. मी असे तीन-चार बघितले आहेत. सुरुवातीला चाळीस गोष्टींची देखणी यादी, शेजारी नावं, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या निम्म्या नावांचा फोन लागत नाही.

मंडळ काय करतं? पुण्यात देखावे बघायला लोक गौरी-विसर्जनानंतर बाहेर पडतात, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. का बरं? कारण बऱ्याच मंडळांचा देखावा पहिल्या दिवशी तयारच नसतो. पडदा ओढलेला असतो, आतून ठाकठोक ऐकू येते, एखादा वायरमन शिडीवर चढलेला असतो. पण मूर्ती? मूर्ती चतुर्थीलाच बसते. प्राणप्रतिष्ठा होते, आरती होते, प्रसाद वाटला जातो. देखाव्याचा पडदा तिसऱ्या दिवशी उघडो की पाचव्या, उत्सव सुरू झालेला असतो.

आवृत्तीच्या नियोजनाचं सगळं शास्त्र या एका दृश्यात आहे. मूर्ती कुठली आणि देखावा कुठला, हे आधी ठरवा. खेळ सुरू होतो, बंद होतो, जुना जतन केलेला डाव उघडतो, दोघं एकमेकांशी खेळू शकतात, मधेच कोसळत नाही. ही मूर्ती. नवी मोहीम, नवी चित्रं, नवं संगीत, पाण्याचं सुंदर हलणं. हा देखावा. देखावा राहिला तर पडदा ओढून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी छोटी दुरुस्ती-आवृत्ती काढा. तिचीही तारीख आधीच जाहीर करून ठेवा.

आता एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. "तारखेच्या नादात कच्चा माल बाहेर जाईल, त्याचं काय?" खेळात हे विशेष खरं. एखादा योद्धा जरा जास्त बलवान झाला की चार दिवसांत सगळे तोच घेऊन खेळतात आणि खेळाची चव जाते. माझं उत्तर असं: तारीख ही गाळण्याची तारीख आहे, खपवण्याची नाही. जे पिकलं नाही ते बाहेर काढायचं, जे उरलं ते पिकलेलंच असलं पाहिजे. पण त्यासाठी एक अट आहे. प्रत्येक नवी गोष्ट वेगळ्या फांदीवर वाढवा आणि पूर्ण झाल्यावरच मुख्य झाडाला जोडा. नाही तर बाहेर काढायला जाल आणि अर्धा मांडव खाली येईल.

आणि मूर्तीच तयार नसेल तर? तर लांबवा, उघडपणे लांबवा. फेडोरा १८ नोव्हेंबर २०१२ मध्ये यायची होती. संगणकावर ती बसवून देणारा प्रोग्रामच नव्याने लिहायला घेतला होता आणि तो वेळेत सावरेना. तो काढून ठेवता येईल असा भागही नव्हता. आवृत्ती १५ जानेवारी २०१३ ला आली. पण त्यांच्याकडे एक चांगली पद्धत आहे. आवृत्ती अडवायची असेल तर कशासाठी अडवायची, याचे निकष आधी लिहून ठेवलेले असतात. शेवटच्या आठवड्यात बैठक होते आणि प्रश्न एकच: जायचं की थांबायचं? त्या वेळी कुणाचा आवाज मोठा आहे हे बघत नाहीत, निकष बघतात. निकष शांत डोक्याने आधी लिहायचे असतात. मांडव कोसळताना कुणी नियम लिहायला बसत नाही.

ओघात एक गंमत सांगतो. झीरो ए. डी. नावाचा प्राचीन युद्धांवरचा एक देखणा मुक्तस्रोत खेळ आहे. त्याच्या आवृत्त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने प्राचीन जगातली नावं देतात. २०१३ मध्ये तेरावी होती मगध. २०१४ मध्ये सोळावी होती पतंजली. २०२२ मध्ये झेड आला, म्हणून जानेवारी २०२५ मधली सत्ताविसावी पुन्हा ए पासून: अग्नी. आता यात गंमत काय? या सत्तावीसही आवृत्त्यांवर शिक्का आहे 'अल्फा', म्हणजे अजून कच्चा. कोड खुला झाला २००९ मध्ये, आणि पंधरा वर्षांनंतरही ते म्हणत होते कच्चा! विनय चांगला, पण इतका? "१.०" म्हणायला माणसं घाबरतात, जशी काही लेखक मंडळी पहिल्या पुस्तकाला घाबरतात. लोक खेळतायत, आनंद घेतायत. मूर्ती बसलेली आहे. म्हणायचं की एकदा मोरया.

तिसरा मुद्दा. गोठवण. याला सगळे फ्रीझ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

तारखेआधी काही आठवडे नव्या कल्पनांना दार बंद. हा पहिला फ्रीझ. मग खेळातल्या वाक्यांना हात लावणं बंद. हा दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. का, ते सांगतो. भाषांतराची जी पद्धत या प्रकल्पांत रूढ आहे, तिच्यात मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी वाक्य अशी जोडी बांधलेली असते. इंग्रजीत कुणी नुसता एक स्वल्पविराम टाकला तरी जोडी सुटते. मराठी वाक्यावर 'संशयित' असा शिक्का बसतो, आणि खेळात ते दिसेनासं होऊन तिथे इंग्रजी परत येतं. इंग्रजीवाल्याच्या दृष्टीने त्याने एक चूक सुधारली. मराठीवाल्याची रात्र गेली. तीस भाषा असतील तर तीस माणसांच्या रात्री गेल्या. एका स्वल्पविरामासाठी!

एक प्रसंग सांगतो. प्रकल्पाचं नाव घेत नाही, कारण चूक कुणाचीच नव्हती. आम्ही पाच-सहा जण एका रविवारी दुपारी एका मित्राच्या घरी बसून एका खेळाचं मराठी तपासत होतो. आवृत्तीला चार दिवस होते. एका मोहिमेत डोंगरी सैन्य वाट काढतं, तिथे आम्ही लिहिलं होतं, "सैन्य दऱ्या ओलांडून पुढे गेलं." पडद्यावर आलं, "सैन्य दर्या ओलांडून पुढे गेलं." डोंगरातले लोक एकदम समुद्र ओलांडून गेले! आम्ही हसलो, मग घाबरलो. फाइल उघडली तर 'तऱ्हा'ची 'तर्हा' झालेली, 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर'. सगळीकडे तेच.

झालं काय होतं? आपला हा दऱ्यातला अर्धा र टंकायच्या दोन पद्धती आहेत. एकीत र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. कुणा सद्गृहस्थाने फ्रीझनंतर सगळ्या भाषांच्या फाइलींतली 'निरुपयोगी अदृश्य चिन्हं' झाडून काढली होती. हेतू स्वच्छतेचा. त्याला मराठी येत नव्हती, आणि येण्याची गरजही नव्हती. गरज होती ती फ्रीझ पाळण्याची. आम्ही रात्री दोनपर्यंत बसून एकेक दरी परत आणली, या वेळी नुक्त्याचा ऱ वापरून. तेव्हापासून माझ्यासाठी फ्रीझ ही तांत्रिक गोष्ट राहिली नाही. ज्याची भाषा तुम्हाला वाचता येत नाही, त्याला दिलेला तो शब्द आहे: तुझ्या कामाला आता कुणी हात लावणार नाही, तू निवांत पूर्ण कर.

चौथा मुद्दा. तालीम.

नाटकवाल्यांनो, तुम्हाला हा सोपा जाईल. वेस्नोथमध्ये विषम आकड्यांच्या आवृत्त्या, १.१३, १.१५, १.१७, या तालमीच्या. सम आकड्यांच्या, १.१४, १.१६, १.१८, या प्रयोगाच्या. आकडा बघूनच प्रेक्षकाला कळतं, तिकीट काढायचं की तालमीला येऊन बसायचं. तालमीत संहिता बदलते, पात्रं बदलतात, जुना डाव नव्यात उघडेलच याची हमी नसते. प्रयोगाच्या मालिकेत मात्र शब्द दिलेला असतो: १.१८ च्या सगळ्या छोट्या आवृत्त्यांत तुमचा जतन केलेला डाव चालेल, मित्राशी खेळता येईल.

आणि प्रयोगाआधी रंगीत तालीम. यांच्या भाषेत रिलीज कँडिडेट. रंगीत तालमीला काय करतात? वेश चढवून, दिवे लावून, पडद्यापासून पडद्यापर्यंत नाटक एकदा सलग करतात. रंगीत तालमीला कुणी नवा प्रवेश लिहून आणत नाही. आणलाच तर दिग्दर्शक काय म्हणतो ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. (हशा) इथेही तेच. या टप्प्यावर फक्त दुरुस्ती. आणि दुरुस्ती केली की पुन्हा एक रंगीत तालीम, कारण शेवटच्या रात्रीची घाईची दुरुस्ती हाच सर्वांत मोठा रोग आहे.

तालीम बघायला कोण येणार? प्रोग्रामर स्वतःचा खेळ नीट खेळूच शकत नाही. त्याला माहीत असतं कुठे दाबायचं नाही. तालमीला पाहिजे शेजारची पाचवीतली मुलगी, जी सगळीकडे दाबते. पाहिजे जुना लॅपटॉप असलेला काका. पाहिजे ज्याचं इंटरनेट दर दहा मिनिटांनी जातं असा कुणीतरी, आणि तो पुण्यात शोधावा लागत नाही.

पाचवा मुद्दा, शेवटचा. माणूस.

हे सगळं बघणारा एक माणूस लागतो. त्याला रिलीज मॅनेजर म्हणतात. मी त्याला कार्यवाह म्हणतो. सर्वांत हुशार प्रोग्रामर हा सर्वांत चांगला कार्यवाह असेलच असं नाही. बहुधा नसतोच. कार्यवाहाचं काम म्हणजे याद्या तपासणं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांसाठी गठडी नीट बांधली गेली ना ते बघणं, काय बदललं याचं निवेदन लिहिणं, ज्यांनी काम केलं त्यांची नावं न चुकता घालणं. आणि नाही म्हणणं. हे शेवटचं सर्वांत अवघड, कारण समोरचा माणूस फुकट आणलेली भेट हातात घेऊन उभा असतो, आणि तुम्ही म्हणता, "आज नको."

ते कसं म्हणायचं? डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे. ती चुकली तर पुणेकर चडफडतो, पण रुळांवर झोपत नाही. कारण मागून दुसरी गाडी आहे. ज्या थांब्यावर पुढची बस येईल की नाही याची खात्री नसते, तिथेच लोक दाराला लोंबकळतात. पुढच्या आवृत्तीची तिथी पक्की असेल तर "पुढच्या गाडीत बस" हे वाक्य नकार राहत नाही, आरक्षण होतं. ती पक्की नसेल तर प्रत्येक जण आपलं अर्धवट काम याच गाडीत कोंबणार. माझ्या अनुभवात प्रकल्पांतली निम्मी भांडणं स्वभावामुळे होत नाहीत, पुढची गाडी न दिसल्यामुळे होतात.

आणि कार्यवाह दोन असावेत. किल्ल्या दोघांकडे असाव्यात. एकाच माणसाच्या संगणकावर गठडी बांधली जाते, एकालाच सर्व्हरचा पासवर्ड माहीत असतो, आणि तो माणूस नोकरी बदलतो किंवा आजारी पडतो. मग प्रकल्प मेला असं कुणी जाहीर करत नाही. नुसती पुढची आवृत्ती येत नाही.

सारांश सांगतो, म्हणजे मागून आलेल्यांनाही पूर्ण व्याख्यान ऐकल्याचं समाधान मिळेल. तारीख माणसाची नको, नियमाची हवी. मूर्ती आणि देखावा वेगळे ओळखा. फ्रीझ म्हणजे दुसऱ्याच्या रात्रीचा मान. रंगीत तालमीत नवा प्रवेश नाही. आणि दोन कार्यवाह, ज्यांना नाही म्हणता येतं आणि पुढची गाडी दाखवता येते.

शेवटी एक मागणं. पुण्याने या चळवळीला कमी दिलेलं नाही. इथे पुणे लिनक्स यूझर्स ग्रुप उभा राहिला, सिंबायोसिसमध्ये ग्नूनिफाय ही मुक्तस्रोत परिषद भरत असे, मराठीसह भारतीय लिप्यांसाठीचे मुक्त लोहित फॉन्ट इथल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळले. पण खेळांत मराठी अजून पडद्याआड आहे. वेस्नोथचं मराठी भाषांतर कुणीतरी कधीतरी सुरू केलं, ते पूर्ण झालं नाही. फाइल तिथेच आहे. कुणी नाकारलेली नाही, कुणी पुसलेली नाही.

विसर्जनाच्या रात्री मूर्ती पाण्यात जाण्याआधी आपण काय ओरडतो, आठवा. पाय दुखत असतात, घसा बसलेला असतो, आणि तरी त्याच क्षणी आपण पुढच्या वर्षीचं बोलावणं करतो. मला 'कुणीतरी करेल' असं आश्वासन नको. आज घरी जाऊन कुठल्याही एका मुक्त खेळाची मराठी फाइल उघडा. त्या खेळाचा पुढचा वाक्यांचा फ्रीझ कधी आहे ते बघून भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेभोवती गोल करा. पहिलं वाक्य 'दऱ्या'चं आलं, तर ऱ नीट टंका.